तरीचा पैसा

हंगामी म्हणजे काय हो, आंब्यासारखं?
भिकीबाई शिरधनकरांनी पहिल्याच दिवशी विचारलं,
मी ते कार्यवृत्तात लिहून घेतलं.
उत्तर कोणी दिलं नाही. तेवढी ओळ कोरी आहे.

संस्थान गेलं होतं, प्रांत अजून आला नव्हता.
मधल्या सव्वीस दिवसांसाठी
बंदरावरच्या जकातीच्या वखारीत
एकोणीस माणसांचं कायदेमंडळ बसलं.
खुर्च्या अकरा.
बाकीचे मिठाच्या गोणींवर; उठताना
ज्याच्या त्याच्या पाठीमागे पांढरा शिक्का.
सरकारांची मोहोर पेटीत कुलूपबंद होती,
आमच्याकडे एवढीच.

सभापती पेठे वकील घंटेऐवजी
तराजूचा अच्छेर टेबलावर आपटत.

सहा दिवस नावात गेले : सभा म्हणायचं की परिषद.
मग खाजणाच्या बांधावरून
वामनराव खोत आणि रखमाजी येलवे
एकमेकांना 'सन्माननीय सभासद' म्हणत भांडले.
रखमाजींना सन्माननीय म्हणताना
खोतांनी गिळलेला आवंढा
माझ्या लघुलिपीत बसेना.

सव्विसावा दिवस शनिवार.
प्रशासक साहेबांची लाँच बाराला लागायची होती,
त्यांनी कागद वाचला की आम्ही संपलो.
पण ज्याने बाराची वेळ धरली
त्याने पंचांग उघडलं नव्हतं.
अष्टमी होती. भांगाची ओहोटी.
लाँच वाळूच्या दांड्यावर चढली आणि तिथेच कलली.

दाऊद खलफे खिडकीतून बघून म्हणाले,
पानी नाय. चारपर्यंत काय ते कायदे करून घ्या.

तेव्हा तरीचा ठराव आला.
खाडी ओलांडायला माणशी एक पैसा,
बकरीला अर्धा, प्रेताला दोन
(मसणवट पलीकडच्या तीरावर).
खोत म्हणाले, प्रेताचा ठेवू, प्रेत रोज जात नाही.
कोणी हसलं. अच्छेर आपटला.
भिकीबाई गोणीवरून उठल्याच नाहीत,
बसल्या बसल्या बोलल्या :
जाताना त्याचे दोन मी दिले.
येताना माझा एकटीचा एक.
त्या येतानाच्या पैशाचं काय ते लिहा.

मी लिहिलं.

एलियाजी नागावकर शनिवारचे येत नसत.
शुक्रवारी दिवेलागणीआधी त्यांनी चिठ्ठी दिली होती :
माझं मत तरीला. आज लिहितो, उद्या वाचा.
आजचं मत उद्या चालतं का,
यावर पाऊण तास गेला. पाणी चढत होतं.
बाजूने चौदा, विरुद्ध तीन,
एक चिठ्ठी, आणि सभापती.

साहेबांना होडीने आणायला पोशा तरीवाला गेला होता.
जाण्याआधी तो वखारीच्या दाराशी थांबून
आकडे ऐकून गेला.
उतरताना साहेबांनी एक आणा पुढे केला.
पोशा म्हणाला, आताच बंद झाला.
कोणी केला?
त्याने वल्ह्याने वखार दाखवली.
खिडकीत आम्ही सगळे, एकमेकांच्या खांद्यावरून.
साहेबांनी आणा खिशात टाकला.

आमचा कायदा लागू झाला तो एवढाच,
होडीपासून पायरीपर्यंत.
पाच वाजून पाच मिनिटांनी त्यांनी
माझ्या वहीत शेवटच्या ओळीखाली सही केली.
मंगळवारी फळा लागला :
पूर्वीचे ठराव विचाराधीन, दर पूर्वीप्रमाणे.
पोशा आठवडाभर पैसे मागायला लाजत होता,
मग मागू लागला.

आता खाडीवर पूल आहे. पुलाला नाका आहे.
परवा भाच्याच्या गाडीत पुढे बसलो होतो,
काचेतून पावती पुढे आली.
मी त्या पोराला म्हटलं, हा बंद झालाय.
कधी, आजोबा?
शनिवारी, म्हटलं.
मागे हॉर्न सुरू झाले होते.