वीस मिनिटं

थोरल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर,
जिथं पंखा फिरतो पण वारा खाली येत नाही,
आम्ही अठ्ठावीस जणी आणि एकटा ब्रदर सुतार
कागदावरच्या सहा तोंडांकडं बघत बसलो.
पहिलं हसतंय. सहावं रडतंय.
मधल्या चौघांचं काही ठरत नाहीय.
"यात माझी सासू कुठली?" अक्काताई पुटपुटली
आणि मागचा बाक फिसकन हसला.

मिरजेहून आलेल्या एस्तेर सिस्टर
हसू ओसरेपर्यंत थांबल्या.
मग म्हणाल्या, एक चिठ्ठी करा.
तुम्ही दाबून धरलेलं पहिलं पोर.
नाव लिहा.

नाव कुणाला आठवतंय?
मी लिहिलं: खाट सात. डावी टाच.
बावीस वर्षं झाली, ती टाच अजून माझ्या बरगडीत आहे.
माझी पकड नावाजलेली होती.
तालमीच्या बोळात वाढलेली मी,
पोराला चीत करणं मला शिकवावं लागलं नाही.
सलाईन लागत नसलं की दुसऱ्या वॉर्डातून हाक यायची,
"मोहितेबाईंना बोलवा."
आणि मी जायची, हात झटकत,
"काय नाही रे, मुंगी चावल्यागत," म्हणत.

मुंगी.
केवढ्या मुंग्या सोडल्या मी या गावात.

चहा आला. फळ्यावर फार काही लिहिलं गेलं नाही.
तान्ह्याला सुईआधी छातीशी द्या,
नाहीतर जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब.
मोठ्याला आडवं पाडू नका, मांडीवर बसवा.
औषध घड्याळ बघून द्या, रडणं ऐकून नको.
आणि जे पोर गप पडलंय
त्याच्याकडं आधी जा.

इथं मी पेन खाली ठेवलं.
आमच्या वॉर्डात गप पडलेल्या पोराला
आम्ही शहाणं म्हणतो.

कबीर मुल्लाणी, वय सहा, शहाणा.
पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळावर
उकळता रस पायावर सांडलेला.
रोज अकराला ड्रेसिंग. रोज नजर छताला,
मूठ चादरीत, आवाज म्हणून नाही.
मी केसपेपरवर लिहायची: सहकार्य करतो.

त्याचा बाप गुळव्या.
दुसऱ्या दिवशी दाराशी त्याला विचारलं,
पाक आला हे कसं कळतं हो तुम्हाला?
म्हणाला, "बुडबुडं बघायचं, बाई.
आदी बारकं, मग जाड, मग काहील आवाज बदलती.
मोजून न्हाई कळत. नजर लागती."
आणि बोलता बोलता थांबला,
काचेतून आत बघत.
"तीन दिस झालं," म्हणाला,
"मूठ सोडली न्हाई त्यानं."

पावणेअकरा. लिहून घेतलेलं औषध दिलं.
नवे डॉक्टर आले, हातमोजे चढवत,
"उरका सिस्टर, ओपीडी तुंबलीय."
"वीस मिनिटं, सर."
"कशाला?"
"औषध पोचायला."
त्यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
बसले नाहीत. पण गेलेही नाहीत.

मी कागद काढला.
कबीरनं पाचव्या तोंडावर बोट ठेवलं
आणि विचारलं, "ह्याचं नाव काय?"
"तूच ठेव."
तो विचारात पडला. त्यात चार मिनिटं गेली.

मग, "दुखणार काय?"
बावीस वर्षांची मुंगी जिभेवर आली
आणि तिथंच घुटमळली.
"हो," म्हटलं. "कालच्यापेक्षा कमी.
सुरू करताना सांगते.
थांब म्हणालास की थांबते."

खाली रस्त्यावर रिक्षांची भांडणं.
डॉक्टरांनी कुणाला तरी फोन लावला, कापला.

"आत्ता?"
"अजून नाही."
चादरीतून एक बोट सुटलं. करंगळी.
"आत्ता?"
"अजून नाही, राजा."