वाफसा

रंगपंचमी होऊन तीन दिवस झाले.
फाटकाजवळच्या लॉनवर अजून गुलाबी डाग आहे
आणि मुठीत घेतलेली माती
दाबली तर लाडू होते, सोडली तर फुटते.
म्हणजे वाफसा आला.
हा आठवडा हुकला की राजेंद्रनगरची ही काळी माती
पुन्हा पाटा होणार,
वर चटणी वाटून घ्यावी असा.

गेंदालालनं पाऊण इंची पाइप तिरका कापून आणलाय,
वर आडवी मूठ वेल्डिंगची.
पाय देऊन दाबायचा, किंचित फिरवायचा, उपसायचा.
सोऱ्यातून पडावी तशी मातीची कांडी पडते
ओली, चकचकीत, करंगळीएवढी.
वीतभर सरकायचं. पुन्हा पाय.
"भाभीजी, इसको साँस चइये," तो म्हणतो,
"अपन ने दबा-दबा के मार दी."

व्हरांड्यातल्या खुर्चीत
आमचे टेंबेसाहेब घसा खाकरतात.
चौतीस वर्षं पी.डब्ल्यू.डी.
महूच्या पुढं कुठं कुठं रोलर फिरवत
माती दाबणं हाच ज्यांचा धंदा,
पंच्याण्णव टक्के घट्ट झाल्याशिवाय
ज्यांनी एका ठेकेदाराचं बिल सोडलं नाही,
त्यांच्याच अंगणात त्यांच्याच बायकोनं
भोकं पाडत सुटावं!
मोजतात मात्र.
ओळ वाकडी गेली की काठीनं दाखवतात.

आम्ही कडेनं सुरुवात केली. मुद्दाम.
मधे ती वाट आहे.

बायपासनंतर डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस फेऱ्या,
आणि हे एक्केचाळीस मारत,
न जाणो, मोजताना एखादी चुकली असेल.
कॅनव्हासचे बूट, खिशात ट्रान्झिस्टर,
सहा वर्षं,
अंड्याच्या आकाराची वाट.
गवतानं तिथं केव्हाच हात टेकले.
गेल्या दिवाळीत डावी बाजू गेली
आणि वाट तेवढी उरली.
सकाळी दोघं तिच्याकडे तोंड करून चहा घेतो
आणि शेजारच्या मांजरीबद्दल बोलतो.

गेंदालाल काठावर थांबला.
"असली बीमारी तो याँ हे."
मी म्हटलं, तेवढं राहू दे.
"राहू दे काय?" खुर्चीतून आलं.
"तिथं दर चार इंचांवर घ्या. काम टाळायचं नाही."
शब्द थोडे लोळत होते,
पण आवाज साइटवरचा.
पाच महिन्यांत ऐकला नव्हता.

मग पाइप मीच घेतला.
जाईना.
दोन्ही पाय देऊन वर उभी राहिले, सदुसष्ट वर्षांची बाई,
भिंतीपलीकडून अचला निरखे ओरडली, "अगं, पडशील!"
आणि पाइप एकदम आत गेला
की दातापर्यंत हिसका.
कांडी आली ती आखूड, कोरडी, विटेच्या तुकड्यासारखी.
यांनी उजवा हात पुढे केला.
अंगठ्यानं फोडली. हुंगली.
तिचा चुरा लेंग्यावर पडला, तो झटकला नाही.
"सत्त्याण्णव टक्के," म्हणाले.
"रोलर नव्हता तरी."

दुपारभर वाळू आणि शेणखत चाळून
खराट्यानं भोकांत लोटलं.
माझ्या कमरेचं काय झालं ते उद्या कळेल.

संध्याकाळी नर्मदा आली,
एक दिवसाआड येते तशी, आधी नळात खोकून.
वाटेवर नळी सोडली.
इथं पाणी अर्धा अर्धा तास
आभाळ धरून बसायचं.
आज बारीक बुडबुडे आले, शेकड्यांनी,
भात शिजताना येतात तसले,
आणि आवाज, ऐकू येईल न येईल एवढा.
हे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.
"साडेचार मिनिटं."
"कुठंतरी पाणी मुरतंय," मी म्हटलं.

हसले.
डावा गाल जरा मागून पोचला.

"नळी सरकव," म्हणाले,
"फेरी अर्धीच झालीय."