डावा खिसा

तार्तूच्या त्या तळघरात
हेल्दुर कुणाला नियम वाचून दाखवत नसे.
पहिल्याच दिवशी विचारलं,
"पिरेत, डावा हात कुठाय तुझा?"
हा काय, म्हटलं.
"खिशात घाल.
आणि तो आहे हेच विसरून जा."

दोन हात दोन टोकांना लागले
की वीज छातीतून वाट काढते,
हे मला पुस्तकातून ठाऊक.
त्याला एन्देलमुळे.
एन्देल कोण, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

दाराशी गोळ्यांचा पत्र्याचा डबा.
आत शिरताना अंगठ्या, घड्याळं त्यात टाकायची.
संध्याकाळी ज्याचं त्यानं उचललं
तरी एक घड्याळ उरायचंच.
दर सोमवारी हेल्दुर त्याला चावी देई.

एकदा संच बंद केला,
दिवा विझला, काटा शून्यावर,
मी पुढं सरकले.
त्यानं कोपरानं अडवलं,
अर्थिंगची दांडी टेकवली. ठक्.
मग चहा प्यालो, शांतपणे, साखर ढवळत.
पुन्हा टेकवली.
पुन्हा ठिणगी. बारीक, पण होती.
सुंभ जळतो, पीळ राहतो;
कपॅसिटरचंही तेच.
जाड तारेनं त्यानं दोन्ही टोकं जोडून ठेवली
आणि कप विसळायला गेला.

फेब्रुवारीतली एक रात्र.
मेन स्विचला हेल्दुरचं लाल कुलूप,
किल्ली त्याच्या खिशात, तो घरी.
लेपिकबाईंचा प्रयोग अडलेला,
हातात कुलूप तोडायची कात्री.
फोनवर तो एवढंच म्हणाला, "तोडू नका. येतो."

उणे एकोणीस.
पूल ओलांडून चालत आला,
ओव्हरकोटखाली झोपायचा पायजमा.
आल्या आल्या कुलूप नाही उघडलं.
टॉर्च घेऊन पिंजऱ्यामागं गेला,
"आत कोण आहे?"
कुणीच नव्हतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं.
तरी तो उत्तराची वाट बघत उभा राहिला,
जरा जास्तच वेळ.
मग किल्ली फिरवली.
"एवढ्यासाठी?" बाई म्हणाल्या.
"एवढ्यासाठीच."

आता लाल कुलपावर माझं नाव आहे.
सोमवारची चावीही माझ्याकडेच आली,
कुणी सोपवली नाही, आली.
परवा बाजारात सफरचंदं निवडत होते.
विकणारी म्हणाली,
"हाताला काय झालं, पोरी?"
कुठल्या, मी विचारलं.