साडेनऊ बाय अकरा

मागच्या दाराची कडी काढली की दोन पायऱ्या,
आणि मग आमची सगळी जमीन:
साडेनऊ फूट बाय अकरा.
त्यातून वजा करा धुण्याचा दगड,
आपोआप उगवलेला कढीपत्ता,
आणि चेंबरचं झाकण, ज्यावरच्या ‘सिडको’तला
आता फक्त ‘सि’ वाचता येतो.

ऐरोलीच्या या रांगेत चौदा घरं.
तेरा जणांनी मागची बाजू केव्हाच आत घेतली.
कुणी स्वयंपाकघर वाढवलं, कुणी भाडेकरू ठेवला,
शेवटच्या घरात तर पिठाची गिरणी.
आमची उघडी राहिली, पैसे नव्हते म्हणून.
येणारे-जाणारे म्हणायचे,
किती हवेशीर ठेवलंय हो तुम्ही!

यंदा पैसे जमले.
संदेशच्या खिशात मिस्त्रीचा कागद, चार घड्यांचा:
पत्रा, लाद्या, मजुरी धरून एक लाख चाळीस.
आणि शनिवारी सीवूड्सहून टेम्पोत आला झोपाळा.
तिथल्या मुलांना मिशा फुटल्यात, त्यांना नकोसा झालेला.
दोन बैठकांचा, हिरवा, गुडघ्यांपाशी गंजलेला.
फुकट.
फुकटच्या वस्तूंना जागा फार लागते.

ओजसने टेप धरली, मी आकडे लिहिले.
लांबीत लावला तर दुसरी बैठक थेट दगडावर,
आणि मागच्या दारातून बाहेर पडायचं तर वाकून.
रुंदीत लावला तर पुढे जाताना पाय मढवींच्या भिंतीत,
मागे येताना डोकं आमच्याच बेसिनच्या खिडकीत.
मी वर्तमानपत्रं चिकटवून झोपाळ्याएवढा कागद कापला,
जमिनीवर सरकवत बसले संध्याकाळभर.
संदेश दारात उभा. काही बोलला नाही.
त्याचा कागद खिशात, माझा जमिनीवर.

मग जुई कंटाळून आडवी झाली,
डोकं कढीपत्त्याकडे, पाय नळाकडे,
आणि म्हणाली, असा तिरका का नाही?

कर्ण!
नववीच्या भूमितीत भेटला होता,
त्यानंतर आयुष्यात कुठे कामाला आला नव्हता.
टेप लावली कोपऱ्यातून कोपऱ्यात.
साडेचौदा फूट.
हे साडेतीन फूट इतकी वर्षं
कुठे दडून बसले होते?

रबाळ्याहून इक्रम आला वेल्डिंगचं सामान घेऊन.
तिरका बसेल, म्हणाला, पण एकच बैठक.
आडवा पाइप मधून कापावा लागेल.
मुलं गप्प झाली.
ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा संदेश पुढे झाला,
पाइप घट्ट धरला दोन्ही हातांनी,
तोंड फिरवून, डोळे मिटून,
जसा जुईला इंजेक्शन देताना धरतो.

कापलेल्या पाइपवर आता टॉवेल वाळतात.
दुसरी बैठक माळ्यावर. टाकवत नाही.
दगड हलला नाही, त्याची पायरी झाली.
पन्नास झोके हिचे, पन्नास त्याचे,
आणि भांडण नको म्हणून रेघांचा हिशेब:
चार उभ्या, एक आडवी.
तो लिहिलाय मिस्त्रीच्या कागदाच्या पाठीवर.
कागद कुणी दिला, मी विचारलं नाही.

भिंतीपलीकडून मढवीकाकू ओरडतात,
अगं, तिला चपला घाल की!
भाजी निवडत बसले तर मधेच दोन काळे तळवे
वर येतात नि जातात, वर येतात नि जातात,
किती जुड्या निवडल्या तेच विसरले.

काल रात्री भांडी झाल्यावर मी बसले.
साखळी करकरली, खोबरेल द्यायला हवंय.
बेताने एक झोका घेतला, मग जरा मोठा.
मागे गेले की पाठ कढीपत्त्यात घुसते,
पुढे आले की समोर तेरा घरांचे पत्रे
आणि त्यांच्यावर कुणीतरी वाळत टाकून विसरलेली सतरंजी.

आत आले तर संदेश अर्धवट झोपेत म्हणाला,
आत्ता, एवढ्या रात्री, फोडणी कसली?