आइस हॉकीवाले

नोंदवही माझ्याकडे असते, शिट्टी दुसऱ्याकडे.
म्हणून हंगाम कसा गेला विचाराल तर
मी गोल सांगेन: कोणी मारला, कितव्या मिनिटाला,
आणि कोणत्या शाईने खोडला.

भुसावळात अजून हॉकी खेळतात
हे जळगावातसुद्धा कुणाला खरं वाटत नाही.
खेळतात. लोको शेडच्या मागे, मुरमावर,
जानेवारी ते एप्रिल, रविवारी सकाळी सातला.
सहा संघ. रोलर एक, तोही मागून आणलेला.

आमच्या संघाचं नाव तीन वर्षांत तिसरं.
आधी न्यू स्टार, मग कामगार कल्याण,
यंदा प्रल्हादशेठ फिरके म्हणाले, जर्सी मी देतो,
पाठीवर नाव कारखान्याचं: मनुदेवी आइस फॅक्टरी.
तिसऱ्या धुण्याला 'फॅक्टरी' गेलं.
'आइस' मात्र धड राहिलं,
आणि कुंपणावरची पोरं ओरडायला लागली,
आले रे आले, आइस हॉकीवाले!
मार्चमध्ये. पारा बेचाळीसवर.

शेठ रोख द्यायचे नाहीत. दर सामन्याला एक लादी,
भुशात, पोत्यात, हातगाडीवरून.
ती गोलखांबामागे ठेवायची.
ज्याला लागलं त्याने जाऊन गुडघा टेकवायचा,
देवापुढे टेकवतात तसा, पण शिव्या देत.
मध्यंतराला ती निम्मी.
शेवटच्या शिट्टीला ओलं पोतं
आणि त्यावर झोपलेलं लोको शेडचं कुत्रं.

फेब्रुवारीच्या बैठकीत समोसे आले.
समोसे आले म्हणजे कोणीतरी जाणार.
बऱ्हाटे सर गेले. एकोणीस वर्षं सचिव,
त्यांना मार्गदर्शक केलं. चहा त्यांना शेवटी आला.
जिंकल्याचे दोनाऐवजी तीन गुण.
वरणगाव आणि दीपनगर एकत्र,
कारण दोन्हीकडची मिळून तेरा पोरं उरली होती,
त्यात लेफ्ट आउट चार, गोलकीपर एकही नाही.
आणि रावेर बंद.

बंद म्हणजे कसं, मी विचारलं.
नव्या सचिवाने नियम सतरा वाचून दाखवला:
माघार घेतलेल्या संघाचे सामने
झालेच नाहीत असे समजावे.

आता रुबाब तडवी.
पालहून जीप, रावेरहून पॅसेंजर, स्टिक खताच्या पोत्यात.
आमच्यावर चार गोल मारले होते त्याने.
चौथा तर असा, की चेंडू कुणी दिला ते मला लिहिता आलं नाही,
मी बघतच राहिलो.
आमचा जेरोम, रिटायर फिटर,
पॅडमध्ये केळीची सुकी सोपटं भरून उभा राहणारा,
गोल खाल्ल्यावर हातमोज्यांनी टाळ्या वाजवत होता.
भद भद भद. तो आवाज वहीत नाही.

ते चार मी लाल शाईने खोडले.
आमचा पराभवही त्यांच्याबरोबर गेला.
चौथ्याचे आम्ही दुसरे झालो,
अंतिम सामना खेळलो
न झालेल्या हरण्यावर.

एप्रिलचा शेवटचा रविवार. लग्नसराई, बर्फाला मागणी,
शेठने अर्धीच लादी पाठवली.
रुबाब बघायला आला होता. लादीशेजारी उकिडवा बसला,
पंजा बर्फावर.
आम्ही शून्य-दोन असताना माझ्याकडे आला.
"माझे चार गोल कुठी गेले रे भो?"

मी पान काढून दिलं.
त्याने आपल्या नावावर बोट ठेवलं, ओलं.
लाल शाई फुटली, पसरली, पानभर गुलाबी झाली.
खालचं निळं बॉलपेनचं होतं.
चौदा. एकतीस. बावन्न. एकोणसत्तर.

नव्या सचिवाला वही अजून दिलेली नाही.
म्हटलं, भिजली, वाळत घातली आहे.

सामना? शून्य-तीन.
रुबाबने पोतं उचलून पाहिलं, मुठीएवढा बर्फ होता.
म्हणाला, हे नेऊ का, पॅसेंजर लेट आहे.
ने म्हटलं.
फलाटापर्यंत ठिपके पडत गेले असणार.
मी पाहायला गेलो नाही. मला गोलजाळी सोडायची होती.