फेसाची जाडी

कोकरूडहून समुद्र कितीही सरळ रेषेत मोजला
तरी मध्ये सह्याद्री आडवा येतो.
मी इथे बसून वादळाचं पाणी लिहिते:
वारा सेकंदाला अठरा मीटर,
लाटांचे उतार, त्यांवर बोटभर सुरकुत्या,
वरून तिरका पडणारा रडारचा किरण.

सपाट पाणी किरण पुढे ढकलून देतं,
उपग्रहाला काहीच कळवत नाही.
विसकटलेलं पाणीच तेवढं मागे बोलतं.
आणि फेस?
फेस ऐकून घेतो. गिळतो.
माझं गणित तिथेच अडीच डेसिबलने खोटं पडतंय,
अख्खा मार्च.

रात्री वीज गेली तशी गुऱ्हाळावर गेले.
काहिलीत फेस चढत होता.
बाबालाल मुल्ला भेंडीचं पाणी सोडून
झाऱ्याने मळी कडेला ओढत होते.
विचारलं, जाडी किती असेल हो?
"कुठल्या फेसाची? वरला कोरडा, नुसती हवा.
खालचा वल्ला, त्यो रस धरून बसतोय.
एकाच मापानं दोघं मोजतीस व्हय?"

घरी येऊन एका थराचे दोन केले.
वर हवा जास्त, खाली खारं पाणी.
पहाटे रेषा ठिपक्यांजवळ सरकली,
पुरती नाही; पॉइंट सात अजून बाकी.

बाहीला गुळाचा वास.
समुद्र मी एकदाच पाहिलाय,
शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, गुडघ्यापर्यंत.
पायावर फेस विरताना बारीक आवाज करायचा.
तो समीकरणात कुठे बसवायचा
हे बाबालालना विचारायचं राहूनच गेलं.