झाकून ठेवलेली भाकरी

उद्यमबागेमागच्या खोलीत आम्ही तिघं,
स्टोव्ह एक, बोली तीन.
खानापूरचा इनास जेवणाआधी डोळे मिटायचा;
तेवढ्यात अडव्याप्पा त्याच्या ताटातलं
अर्धं अंडं पळवायचा.
इनास ‘आमेन’ म्हणून
रस्साही त्याच्याकडे सरकवायचा.

भाड्यावरून एकदा वाजलं.
तीन दिवस अबोला.
भाकऱ्या मात्र त्यानं
तिघांच्याच थापल्या, रोज.
का, ते मी विचारलं नाही.

परवा त्याची रात्रपाळी.
ताटं वाढलेली, कारळ्याची चटणी, झुणका निवत चाललेला,
आणि हात कुणाचाच पुढे जाईना.

शेवटी अडव्याप्पाच खाकरला,
कानडीत पुटपुटला,
‘देवा, तो भट्टीपाशी आहे. सांभाळ.
त्याची भाकरी झाकून ठेवलीय.’

माझे डोळे कधी मिटले, कळलं नाही.
उघडले, तर माझ्या ताटात
अंडं पुरतं होतं.